येथे हाक मारू नये

भिंगरीचं खरं नाव धुलाईघरात फक्त पगाराच्या दिवशी पुकारलं जाई, आणि तेव्हाही ती स्वतः इकडेतिकडे बघत ‘कुणाला बोलावतायत?’ अशा चेहऱ्याने उभी राही. एरवी ती भिंगरी. हे नाव मुकादमकाकांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं. नव्या बाईला ते मोठ्या निगुतीने सगळं समजावून सांगत होते, की इथे मळके कपडे येतात, इथे धुतले जातात, इथे पिळले जातात. आणि पुढचं ‘इथे’ म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं तर बाई नव्हती. ती हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला बॉयलरवाल्याला विचारत होती, की ही नळी हिरवी आणि ती लाल, असं का. ‘हिच्या पायाला भिंगरी आहे,’ काका म्हणाले. रागावून नाही, हवामान सांगावं तसं. संध्याकाळपर्यंत पायातली भिंगरी नावात येऊन बसली.

हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं असं सगळं या धुलाईघरात येई. भिंगरी इथे पोचली तेव्हा चाळिशीला टेकली होती आणि तिच्या मागे सुटलेल्या कामांची मोठी रांग होती. चपलांच्या दुकानात तिने एका बाईंना दोन्ही डाव्या पायाच्या चपला दिल्या आणि वर त्या किती शोभतायत हेही सांगितलं. लिफ्ट चालवायचं काम मिळालं तेव्हा ती गप्पा पुऱ्या करायला माणसांबरोबर त्यांच्या मजल्यावर उतरून जायची आणि लिफ्ट आपली एकटीच खाली-वर करत बसायची. हे ऐकून कुणालाही हसू येतं. तिलाही येतं, सांगताना ती स्वतःच सगळ्यात आधी हसते. पण दरवेळी घरी येऊन ‘सुटलं काम’ एवढंच सांगायचं, नवऱ्याने ‘बरं’ म्हणायचं आणि सासूबाईंनी झोपेपर्यंत बोलत राहायचं, त्या संध्याकाळी हसण्यासारख्या नव्हत्या.

मग तिला इस्त्रीचा रोलर भेटला.

हा रोलर म्हणजे घरातली इस्त्री नव्हे. चांगला उंच माणूस आडवा झोपला तरी पुरून उरेल एवढा लांब, आतून वाफेने तापलेला लोखंडी पिंप तो. दोन बायकांनी दोन टोकांना उभं राहायचं, ओलसर चादरीचे दोन कोपरे ताणून धरायचे आणि कड फिरत्या पट्ट्यावर टेकवायची. चादर आत ओढली जाते आणि पलीकडून कोरडी, सपाट, कोऱ्या कागदासारखी बाहेर येते. पिंपाच्या पुढे कमरेच्या उंचीवर एक लाल पट्टी असते. ती ढकलली की सगळं थांबतं. मात्र थांबवलं की आत अडकलेली चादर भाजून पिवळी पडते, म्हणून ती पट्टी ढकलणं सगळ्यांच्या जिवावर येई.

या गरम पिंपापुढे उभी राहिली की भिंगरीच्या डोक्यातला बाजार उठून जायचा. एरवी तिच्या डोक्यात एका वेळी पाच रेडिओ चालू असत आणि पाचही वेगवेगळ्या स्टेशनवर. इथे फक्त चादरीची कड. ती सरळ आहे की नाही, एवढाच प्रश्न, आणि उत्तर द्यायला क्षणभराचा वेळ. तिला कुणी विचारलं असतं की सुख म्हणजे काय, तर तिने बाष्पाने भरलेल्या त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं असतं. दुसऱ्या टोकाला आक्का असे. आक्का तिच्याहून बरीच मोठी आणि बोलण्यात भयंकर काटकसरी. दिवसभरात तिच्या तोंडून निघालेले शब्द एका चहाच्या कपात मावले असते. दोघींची जोडी इतकी जमली की धुलाईघरातल्या सर्वांत रुंद चादरी त्यांच्याकडेच येऊ लागल्या.

अशी काही वर्षं गेली, आणि एक दिवस टेम्पोवाल्याने दारातून आरोळी ठोकली. ‘भिंगरी, तुझी छत्री गाडीत सापडली बघ.’

भिंगरी वळते तेव्हा नुसती मान वळत नाही, अख्खी भिंगरी वळते. ती वळली, तोंडाने ‘कुठली, निळी का?’ म्हणाली, आणि हात मात्र होता तिथेच राहिला. मनगटापासून कोपरापर्यंत तो तापलेल्या पिंपाला टेकला. आक्काने लाल पट्टी ढकलली. चादर पिवळी पडली, हात लाल झाला आणि छत्री, सांगायला नको, निळी नव्हती. तिची नव्हतीच.

दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरने बाही वर सरकवली तर हातावर जुन्या चट्ट्यांचं प्रदर्शन. हा कधीचा, तो कधीचा, असं तो विचारत गेला आणि भिंगरी प्रत्येकाची गोष्ट इतकी रंगवून सांगत गेली की बाहेर बसलेले दोन रुग्ण आत येऊन उभे राहिले. डॉक्टरने हात बांधून दिला आणि एका डॉक्टरीणबाईंकडे जायला सांगितलं. ‘हाताचं मी बघतो. बाकीचं त्या बघतील.’

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. दोन-तीनदा बोलावलं, लहानपणापासूनचं विचारलं, नवऱ्याला विचारलं. सासूबाईंनाही बोलावलं, तर त्या साक्षीदार म्हणून आल्या आणि फिर्यादी असल्यासारख्या बोलल्या. दूध उतू गेलं ते, दाराला किल्ली तशीच लटकत राहिली ते, बाजारात मीठ आणायला गेली आणि खुर्ची घेऊन आली ते. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की याला एडीएचडी म्हणतात, हे जन्माचंच असतं, मोठ्या माणसांतही असतं. ‘तुमच्याकडे लक्ष कमी नाहीये. ते कुठे जावं, हे तुमच्या हातात कमी आहे.’

‘म्हणजे ही निष्काळजी नव्हे?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही.’

‘आळशीसुद्धा नव्हे?’

‘मुळीच नाही.’

सासूबाई घरी येईपर्यंत गप्प होत्या. सून घाबरली. अशा शांततेचा तिला सराव नव्हता. दारात चपला काढताना सासूबाई एकदाच म्हणाल्या, ‘मला मेलीला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी इतकी वर्षं घसा कोरडा केला नसता.’ आणि आत जाऊन त्यांनी स्वतः गॅस बंद आहे का ते पाहिलं. तेव्हापासून त्या बोलायच्या थांबल्या असं कुणी समजू नये. फक्त शेवटी ‘तरी तुझा दोष नाही म्हणा’ एवढं जोडू लागल्या.

कामावर हे कुणाला सांगायचं नाही, असं भिंगरीने ठरवलं. मालकीणबाईंच्या कानावर गेलं तर त्या रोलरपासून दूर करतील, ही साधी भीती होती आणि ती रास्त होती. तिने मनाशी पक्की गाठ बांधली. आता भिंगरीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या धुलाईघराला माहीत होतं, तिलाच काय ते माहीत नव्हतं. सकाळी फाटकावर ‘हात कसा आहे?’ म्हणून विचारणाऱ्या बॉयलरवाल्याला तिने ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणून सांगितलं. मग टेम्पोवाल्याला, कारण त्याला छत्रीबद्दल वाईट वाटत होतं. मग आक्काला, कारण आक्काला न सांगणं म्हणजे काय. आक्का म्हणाली, ‘बरं.’ चहाची सुट्टी संपली तेव्हा ज्यांना माहीत नव्हतं ते सुट्टीवर होते.

मुकादमकाकांचं मात्र धाबं दणाणलं. काका मनाने लोण्याहून मऊ, आणि अशा माणसाला भीती वाटली की तो कामाला लागतो. त्यांनी पाट्या लावायला सुरुवात केली. ‘लक्ष द्या.’ ‘हात सांभाळा.’ ‘रोलर गरम आहे.’ ‘इकडे तिकडे पाहू नये.’ ही शेवटची पाटी छताजवळ होती, म्हणजे ती वाचायला इकडेतिकडे पाहणं भागच होतं. लाल अक्षरं, पिवळी अक्षरं, कवटीचं चित्र, आणि कवटी फारच भेसूर दिसते म्हणून तिच्याखाली एक फूल. पहिले काही दिवस भिंगरीने सगळ्या पाट्या आवडीने वाचल्या. मग तिला त्या दिसेनाशा झाल्या, जशी आपल्याला आपल्याच घराची भिंत दिसत नाही. एकच दिसत राहिली, कारण ती वाकडी लागली होती. एका दुपारी तिला ते वाकडेपण सहन झालं नाही आणि ती पाटी सरळ करायला ती चाकाच्या गाडीवर चढली. गाडीने आपलं काम केलं, ती चालू लागली. भिंगरी ‘लक्ष द्या’ हातात घेऊन हॉलच्या मध्यापर्यंत गेली आणि टॉवेलांच्या ढिगावर उतरली.

काकांनी मग पहारा बसवला. घड्या घालणाऱ्यांत ढोल्या म्हणून एक होता, अंगाने भरभक्कम आणि स्वभावाने आज्ञाधारक. ‘हिच्यावरची नजर हलवायची नाही,’ असं काकांनी त्याला बजावलं. ढोल्याने ते शब्दशः घेतलं. तो घड्या घालायचा भिंगरीकडे बघत, चालायचा भिंगरीकडे बघत, चहा प्यायचा भिंगरीकडे बघत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो भिंगरीकडे बघत मळक्या कपड्यांच्या हौदासारख्या पेटीत डोक्यावर पडला आणि काठावर आपटून त्याच्या पायाचा अंगठा मोडला. डोळ्यात तेल घालून दुसऱ्याला सांभाळणाऱ्याने अधूनमधून स्वतःच्या पायाखालीही बघावं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. भिंगरी पेटीत वाकून ‘लागलं का रे?’ विचारत होती, तेव्हा तोंड टॉवेलात असतानाही ढोल्या म्हणाला, ‘तू जागेवर जा, मला दिसत नाहीयेस.’

हे मालकीणबाईंपर्यंत गेलं. मालकीणबाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. त्यांनी भिंगरीला वरच्या ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

‘मला कळलंय सगळं. तुझा काहीच दोष नाही. म्हणून तुला मी मोजणीच्या खोलीत बसवते. तिथे गरम काही नाही, फिरतं काही नाही. नुसते हातरुमाल मोजायचे. पगार तोच.’

‘मला रोलरच चांगला जमतो, मालकीणबाई.’

‘अगं, तुझ्याच भल्यासाठी. एखाद दिवशी हात आत गेला तर मी काय तोंड दाखवू तुझ्या घरी?’

भिंगरीच्या डोक्यातले पाचही रेडिओ एकदम बंद पडले आणि ती ‘बरं’ म्हणून खाली आली. रोलरवर आक्काबरोबर दुसरी एक बाई उभी होती. चादरीची कड वाकडी जात होती.

मोजणीच्या खोलीत खरोखरच गरम काही नव्हतं, फिरतं काही नव्हतं. तिथली हवासुद्धा कामावर आल्यासारखी वाटत नव्हती. हातरुमाल मोजता मोजता भिंगरी कुठल्या तरी आकड्याशी पोचायची, तो आकडा ऐकून तिला काहीतरी आठवायचं, आणि परत पहिल्यापासून. कंटाळलेली भिंगरी गरम पिंपापुढच्या भिंगरीपेक्षा कितीतरी धोक्याची होती, पण हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने गठ्ठे एकावर एक रचले, छतापर्यंत किती लागतात ते पाहायला. मग पुरतात की नाही ते जवळून पाहायला ती वर चढली. चहाच्या वेळी आक्काने दार उघडलं तेव्हा कापडाच्या ढिगाऱ्यातून एक हात बाहेर आला आणि आतून आवाज आला, ‘मी ठीक आहे, फक्त मोजणी चुकली.’

घरी मात्र ती ठीक नव्हती. ती वेळेवर घरी येई, वेळेवर जेवे आणि भिंतीकडे बघत बसे. दूध उतू जाऊ देत नसे, कारण ती दूध तापवायलाच उठत नसे. सासूबाईंनी चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी त्या मुलाला म्हणाल्या, ‘हिला परत त्या पिंपापाशी उभी करा. ही कोण गुणी बाई आणून बसवलीय माझ्या घरात? मला करमत नाही.’ तो शिंपी होता, तोंडात टाचण्या होत्या. त्याने मान हलवली.

ठरलेल्या दिवशी भिंगरी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी थोडा फरक पडत होता, रेडिओ पाचाचे दोन-तीनवर आले होते. तिने सगळं सांगितलं. पाट्या, ढोल्या, मोजणीची खोली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, पण मग त्यांनी एक साधी गोष्ट विचारली.

‘हे जे भाजलं ना प्रत्येक वेळी, त्याच्या अगदी आधी काय झालं होतं?’

भिंगरी गोष्ट सांगायला लागली आणि अर्ध्यात थांबली. तिने बाही वर केली. एकेका चट्ट्यावर बोट ठेवत ती बघत राहिली. एरवी ती प्रत्येक गोष्टीचा शेवट सांगायची, कारण शेवट गमतीचा असे. सुरुवातीकडे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती न बोलावता वरच्या ऑफिसात गेली. आक्काला हाताला धरून नेलं होतं. मुकादमकाका आधीच तिथे होते, मालकीणबाईंना नव्या पाटीचा मजकूर वाचून दाखवत.

‘मला काहीतरी दाखवायचंय,’ भिंगरी म्हणाली आणि तिने बाही खांद्यापर्यंत चढवली. ‘हा टेम्पोवाल्याचा, छत्रीचा. हा बॉयलरवाल्याचा, त्याला मुलगी झाली ते त्याने तिकडून ओरडून सांगितलं होतं. हा लांबट आहे ना, हा काका, तुमचा.’

‘माझा?’

‘तुम्ही मागून विचारलं होतंत, जेवलीस का म्हणून.’

‘अगं, तू जेवली नव्हतीस त्या दिवशी,’ काका म्हणाले. ‘मी काळजीने विचारलं.’

‘हो ना. मी सांगायला वळले, की नाही जेवले.’ मग ती टेबलाकडे वळली. ‘आणि हा कोपराजवळचा तुमचा, मालकीणबाई. तुम्ही जिन्यावरून विचारलं होतंत, की ऑफिसला पडदे निळे लावू की पिवळे.’

मालकीणबाईंनी नकळत पडद्यांकडे पाहिलं. पिवळे होते.

‘हे दोन माझे,’ भिंगरी म्हणाली. ‘तेव्हा कुणी हाक मारली नव्हती. माझं मीच कुठेतरी गेले होते. ते मी कुणाच्या नावावर घालणार नाही. पण बाकीच्या प्रत्येकात कुणाचा तरी आवाज आहे. रोलरपुढे मी चुकत नाही. मला तिथून उठवतात तेव्हा चुकते.’

काका खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा पार पडला. ‘म्हणजे आम्ही तुला भाजलं? इतकी वर्षं?’ ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा आला की भिंगरीच रडायच्या बेतात आली. ती ‘नाही हो काका’ म्हणणार होती, तेवढ्यात आक्काने मुकाट्याने आपली बाही वर केली. तिथेही एक चट्टा होता.

‘हा पण तुमचाच,’ आक्का काकांना म्हणाली. ‘किती वाजले, विचारलं होतंत.’

त्या दिवसाच्या कपातले शब्द तिथे संपले, पण पुरेसे होते. मालकीणबाई पेनची उघडझाप करत बसल्या. सरकारी तपासणी जवळ आली होती, विम्याचाही माणूस येणार होता. ‘तपासणीपर्यंत,’ त्या शेवटी म्हणाल्या. ‘तोवर रोलरवर उभी राहा. मधे एकदा जरी हात भाजला, तर मोजणीची खोली, आणि मग मी कुणाचं ऐकणार नाही. तुझंही नाही, हिचंही नाही.’

सगळ्या पाट्या उतरल्या. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं, की भिंतीवर इतकं काही असलं की काहीच नसतं. रोलरभोवती जमिनीवर एक जाड पिवळी रेघ ओढली आणि एकच पाटी राहिली, ‘येथे हाक मारू नये’. ज्याला भिंगरीशी किंवा आक्काशी काम असेल त्याने रेघेबाहेर, त्यांना समोरून दिसेल असं उभं राहायचं, हात वर करायचा आणि चादर पलीकडे पडेपर्यंत थांबायचं. बस्स.

ऐकायला सोपं वाटतं. पण धुलाईघरातल्या माणसांना हळू बोलता येत नाही आणि गप्प उभं राहता तर मुळीच येत नाही. यंत्रांच्या घरघरीत जन्म काढलेली ही माणसं, घरी मीठ मागतात तेही शेजाऱ्यांना ऐकू जातं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे हाल झाले. टेम्पोवाला आरोळी गिळायचा आणि त्याला उचकी लागायची. काका शाळेतल्या मुलासारखे हात वर करून उभे राहायचे आणि पाळी येईपर्यंत काय विचारायचं ते विसरून जायचे. त्यातल्या बऱ्याच गोष्टी विचारण्यासारख्या नव्हत्याच, हे त्यांचं त्यांनाच कळलं. बॉयलरवाल्याला दुसरी मुलगी झाली ती बातमी त्याने दोन रुंद चादरी आणि एक टेबलक्लॉथ जाईपर्यंत पोटात ठेवली. तो घामाने निथळत होता.

भिंगरीलाही शिकायचं होतं. नियम काय, लोक विसरणारच. तेव्हा हाक आलीच तर आधी पट्टी, मग मान. लाल पट्टी कमरेने ढकलायची, रोलर थांबवायचा, आणि मगच वळायचं. सकाळी रोलर थंड असताना ढोल्या पायाला प्लास्टर घालून तिच्यामागे उभा राही आणि अचानक हाका मारी. ‘भिंगरी, आग लागली.’ ‘भिंगरी, पगार वाढला.’ ‘भिंगरी, तुझा नवरा आलाय.’ सुरुवातीला ती दरवेळी आधी वळायची आणि दरवेळी ‘छे’ म्हणायची. घरी सासूबाईंनी सराव स्वतःच्या अंगावर घेतला. त्या न सांगता मागून हाक मारत आणि सून स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेवर कंबर आपटून मग वळे. तिची कंबर निळी पडली, पण सासूबाईंना इतक्या वर्षांनी हाक मारायला अधिकृत कारण मिळालं होतं आणि त्या फार खुशीत होत्या.

आणि तिच्या स्वतःच्या त्या दोन चट्ट्यांसाठी आक्का होती. चादर टेकवण्याआधी आक्का म्हणायची, ‘हात?’ भिंगरी आपल्या हातांकडे बघून म्हणायची, ‘हात.’ तोवर आक्का आपलं टोक सोडायचीच नाही. दिवसातून कितीदा हे व्हायचं याला सुमार नव्हता, आणि आक्काचे बाकीचे शब्द त्यामुळे आणखीच कमी झाले. भिंगरी उशिरा येई ती येतच राहिली. डबा हरवी, ॲप्रन उलटा घाली, गोळीचा गजर फोनमध्ये वाजला की फोन शोधण्यात गोळी विसरे. पण रोलरपुढे तिचा हात भाजला नाही. काकांच्या उशिरा लक्षात आलं की कुणाचाच भाजला नव्हता.

तपासणीचा दिवस आला. तपासनीस म्हणजे एक बारीकसा, गंभीर माणूस, चष्मा वाफेने सारखा धुकट होत होता आणि तो सारखा पुसत होता. त्याने नळ्या पाहिल्या, पट्टे पाहिले, लाल पट्टी स्वतः ढकलून पाहिली. पिवळ्या रेघेपाशी तो बराच वेळ थांबला. काही विचारायला त्याने तोंड उघडलं, तर समोर काकांनी घाईघाईने स्वतःचा हात वर करून दाखवला. तपासनीसानेही केला. चादर गेली, मग त्याने विचारलं, भिंगरीने उत्तर दिलं आणि तो मालकीणबाईंबरोबर वर गेला. दार लागलं.

खाली कुणाचं कामात मन नव्हतं. भिंगरी एकेक चादर घेत होती, ‘हात’ म्हणत होती, आणि मोजणीच्या खोलीचं दार डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसू नये म्हणून अंमळ तिरकी उभी होती.

मग वरचं दार धाडकन उघडलं. मालकीणबाई जिना उतरल्या त्या जवळजवळ धावतच. त्यांना कुणी कधी धावताना पाहिलं नव्हतं. त्या सरळ पिवळी रेघ ओलांडून भिंगरीच्या मागे आल्या आणि हात पसरून ओरडल्या, ‘भिंगरी, झालं गं. रोलर तुझाच, कायमचा.’

भिंगरीच्या कमरेने लाल पट्टी ढकलली. पट्टा थांबला, पिंप थांबला, आत अडकलेल्या चादरीला जळका वास सुटला. दोन्ही हात तिने छातीशी घेतले. मग ती वळली, सगळीच्या सगळी.

मालकीणबाईंनी आधी भिंगरीच्या हातांकडे पाहिलं. ते कोरे होते. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग मागे पिवळ्या रेघेकडे, आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण एवढ्या वेळात काय झालं असतं ते त्यांना आत्ता दिसलं.

‘मालकीणबाई,’ भिंगरी म्हणाली, ‘रेघेच्या मागे.’

मालकीणबाई रेघेच्या मागे गेल्या, समोरच्या बाजूला, दिसेल अशा, आणि त्यांनी हात वर केला. आक्काने पिवळी पडलेली चादर ओढून काढली, पट्टा पुन्हा सुरू केला, नवी घेतली.

‘हात?’

‘हात.’

बातमी भिंगरीला पहिल्याच हाकेत कळली होती. पण जन्मभर तिला जे काही सांगितलं गेलं ते पाठीमागून ओरडून, शाळेत, दुकानात, लिफ्टमध्ये, घरात. आणि बहुतेक वेळा ते चांगलं नसायचं. चांगलं काही सांगायला कुणी मोठं माणूस समोर येऊन, तिचं काम होईस्तोवर तिष्ठत उभं राहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. म्हणून ही चादर तिने जरा सावकाशच सोडली. आणि ती गेल्यावर, आक्काने भुवई उंचावली तरी, आणखी एक घेतली, सगळ्यात रुंद होती ती. मालकीणबाईंचा हात भरून आला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने खालून धरला, पण खाली घेतला नाही.

चादर पलीकडे पडली. भिंगरीने पट्टी ढकलली, ॲप्रनला हात पुसले आणि म्हणाली, ‘हं, बोला आता.’